पक्षी उपसमितीचे अध्यक्ष

बसून घ्या मंडळी. मागं उन्हात कुणी उभं राहू नका, मांडवात जागा आहे. सरूकाकू, तुम्ही तिथंच खांबाला टेकून बसा. समोर खुर्चीवर यायची काही गरज नाही.

माईक मीच बंद करायला लावलाय. बिघडलेला नाही. का बंद केला ते शेवटी सांगतो. ऐकू येत नसेल तर थोडं पुढं सरका. आज मला ओरडून बोलायचं नाही, आणि खरं सांगायचं तर ओरडून बोलण्याजोगं माझ्याजवळ काही नाहीही.

या अंगणात मी पुष्कळ बोललो. वार्षिक सभांत बोललो, सत्कारांत बोललो, दुखवट्याच्या सभांतही बोललो. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलायला मला कधी कागद लागला नाही. आज सकाळपासून तीनदा कागद घेतला आणि तीनदा बाजूला ठेवला. तात्यांबद्दल एक चांगली ओळ लिहिली की तिच्या खाली माझी वाईट ओळ आपोआप येते. ती गाळून बोलता येत नाही. म्हणून दोन्ही बोलतो. तुम्ही ऐकून घ्या.

किसनतात्यांना जाऊन आज दहा दिवस झाले. नांदूरघाटहून, केजहून पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी सांगतो. फार जुन्या, मोठ्या दुष्काळात गावातल्या निम्म्या माणसांनी कोयता उचलला आणि कारखान्याची वाट धरली. तात्यांनी कोयता उचलला नाही. ते शहरात गेले, प्राणिसंग्रहालयात झाडू मारायला लागले. झाडता झाडता पक्ष्यांच्या पिंजऱ्यांवर आले. तिथं अठ्ठावीस वर्षं काढली. गावाकडं आले तेव्हा आम्ही विचारायचो, "तात्या, वाघ बघितला का?" ते म्हणायचे, "लांबून. माझं काम लहानांकडं व्हतं." एवढंच. एक म्हैस घेतली, या संस्थेचे सभासद झाले, रोज सकाळी दूध घालायला यायला लागले.

आणि मी? मला तुम्ही ओळखता. चेअरमन नंतर झालो, आधी मी इंजिनवाला. डिझेल इंजिनं दुरुस्त करायचो. बांधावर उभं राहून सांगायचो, व्हॉल्व्ह गेलाय की नोझल गेलंय. उघडायची गरज पडायची नाही. पार उमापूरपासून लोक मला न्यायला यायचे. माझ्याकडं जमीन नव्हती, शाळा नव्हती, कान होता. कानावर धंदा उभा केला, धंद्यावर ओळखी, आणि ओळखींवर ही दूध संस्था. हे मी दर सभेत छाती पुढं काढून सांगतो. आज खाली बघून सांगतोय, कारण आजची सगळी गोष्ट याच कानाची आहे.

तर पाखरू.

संस्थेला पेंड पुरवणारा एक व्यापारी होता. नाव इथं घेत नाही. ते आज एका कागदावर येणार आहे. त्यानं एका सत्काराला मला पिंजऱ्यात एक पांढरं पाखरू भेट दिलं. अगदी दुधासारखं पांढरं. पंखांच्या आणि शेपटीच्या टोकाला काळं, डोळ्याभोवती निळं कातडं, जणू कुणी निळीत बोट बुडवून डोळ्याभोवती फिरवलंय. डोक्यावर लांब तुरा. मी पिंजरा इथं, संस्थेच्या ओसरीवर टांगला. दूध घालायला आलेला माणूस आधी पाखराला बघायचा, मग मापाकडं बघायचा. मला बरं वाटायचं. पाखरू मान खाली घालून, तुरा उभा करून वरखाली व्हायचं. लोक म्हणायचे, बघा, चेअरमनला नमस्कार करतंय.

तात्यांनी पहिल्याच दिवशी घागर खाली ठेवली आणि पिंजऱ्यापुढं उभे राहिले.

"नमस्कार न्हाई करत ते," म्हणाले. "जोडीदारीन हुडकतंय."

सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "तात्या, मग बघा की तुमच्या पाहुण्यांत एखादी."

तात्या हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, ही बाली मैना. समुद्रापलीकडं बाली नावाचं एक बेट आहे, तिथली. दुसरीकडं कुठं नाही. पांढरी म्हणून माणसांनी धरली, धरून धरून जंगल रिकामं केलं. आता रानात कमी आणि पिंजऱ्यात जास्त, अशी तिची गत आहे. प्राणिसंग्रहालयं जोड्या जमवतात, पिल्लं वाढवतात, काही पिल्लं परत रानात सोडतात, आणि सोडलेलीसुद्धा कुणीतरी पुन्हा धरतं. "ह्येची सरकारात नोंद हाय का, चेअरमन?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "व्हय, बघू." बघू हा माझा शब्द. इथं बसलेल्या किती जणांना मी तो दिलाय, तुम्हीच आठवा.

पाखराचा कान माझ्यासारखाच. जे पडेल ते उचलायचं. महिन्याभरात दुधाचे कॅन आपटल्याचा आवाज काढायला लागलं. मग फॅट बघायच्या मशीनची टीप-टीप. मग आमच्या सेक्रेटरीची, गोरखची शिंक. गोरख शिंकला की पाखरू शिंकायचं आणि गोरख त्याला म्हणायचा, "बे, माझी टिंगल करतो का?" ओसरी हसून हसून लोळायची.

मग आलं ते टँकरचं वर्ष.

विहिरी आटल्या. पलीकडच्या माळावर चारा छावणी लागली. टँकर दिवसाआड यायचा, इथंच, संस्थेच्या मागच्या हौदाशी. त्याचा हॉर्न तुम्हाला अजून झोपेत ऐकू येत असेल. दोन आखूड, एक लांब. तो वाजला की हंडे-कळशा घेऊन अख्खं गाव पळायचं. आणि पंधरा दिवसांत पाखरानं तो हॉर्न उचलला. हुबेहूब. भर दुपारी वाजवला आणि बाया पळत आल्या. हौदापाशी कुणीच नाही. पहिल्या दिवशी सगळेच हसले. बायाही हसल्या.

तिथं थांबायला पाहिजे होतं. मी थांबलो नाही. तालुक्याचे पाहुणे आले की मी म्हणायचो, "थांबा, एक गंमत दाखवतो." आणि मी, मी स्वतः, तोंडानं दोन आखूड, एक लांब असा आवाज काढायचो. पाखरू माझ्या वरताण मोठ्यानं काढायचं. दोन मिनिटांत गल्लीतून बाया यायच्या. पाहुणे पोट धरून हसायचे.

काकू, तुमच्यासमोर सांगतोय. चुकलं तर सांगा.

एक दिवस तात्यांच्या घरून सरूकाकू आल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, पायात चप्पल नाही. घाईत राहिली होती. उन्हानं दगड तापलेले. त्यांनी हौद बघितला, ओसरी बघितली, पाहुणे बघितले. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भानुदास भाऊ, पाखराला शिकविलं ते शिकविलं. पर आमाला कावून पळविता?"

मी म्हणालो, "काकू, गंमत होती."

"व्हय," म्हणाल्या, "दिसतीय की." आणि या पायरीवर कळशी पालथी घालून, पाय पदरात झाकून, दम घेत बसल्या. पाहुण्यांना चहा आला. काकूंना पाणी द्यावं हे मला सुचलं नाही. माझ्या घरी तेव्हा टाकी भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. मला वाटलं, आता बायकोचं घेऊन भांडणार. मी तयारीत होतो, दोन-तीन उत्तरं जुळवून ठेवली होती. तात्या माझ्याकडं आलेच नाहीत. पिंजऱ्यापुढं पोतं टाकून बसले. दूध संकलन झालं, कॅन गाडीत चढले, गोरखनं मशीन पुसलं, तरी बसलेले. शेवटी मीच गेलो.

म्हणाले, "चेअरमन, ह्येच्या पोटात ह्येच्या सोताच्या सहाच हाका राहिल्यात. आलं तवा लई व्हत्या. बाकी समदं आता आपलं हाय. शिंक आपली, हारन आपलं."

"सहा? मोजल्या व्हय?"

"तुमी इंजिन ऐकता, मी ह्ये ऐकतो."

मग त्यांनी मला समजावलं. या पाखरानं आपल्या जातीचा आवाज ऐकला नाही तर ते आपली बोली विसरतं. विसरलं की मादीला ते ओळखीचं वाटत नाही, आणि त्याची पिल्लं झालीच तरी ती मुकी वाढतात किंवा भलतंच बोलतात. "आमच्याकडं आमी पिल्लांचा पिंजरा जाणत्यांच्या शेजारी टांगायचो," म्हणाले. "ऐकू येवं म्हनून." त्यांच्या जुन्या प्राणिसंग्रहालयात एक मादी एकटी होती. त्यांनी पत्र लिहून आणलं होतं. पाखरू तिकडं द्यायचं. फक्त माझी सही पाहिजे होती, आणि पाखरू कुणाकडून आलं ते नाव.

आता माझं बघा. सही केली तर बिगरनोंदीचं पाखरू ठेवल्याचा कबुलीजबाब. नाव लिहिलं तर पेंडवाला अडकतो, आणि संस्थेची निवडणूक तोंडावर, पेंडवाला आपल्या पॅनलचा. आणि खरं, अगदी खरं कारण सांगू? मला पाखरू द्यायचं नव्हतं. ओसरी ओकीबोकी दिसली असती.

मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणून मी कधी माणूस तोडलेला नाही. तात्यांनी मासिक सभेत ऐन वेळच्या विषयात पाखराचा विषय मांडला. मी गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "विषय महत्त्वाचा आहे. यावर एक उपसमिती नेमू." सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. पक्षी उपसमिती. अध्यक्ष किसनतात्या, सदस्य मी आणि गोरख. टाळ्या वाजल्या. गोरखनं मला डोळा मारला.

सहकारात ज्याला नाही म्हणायचं नसतं आणि जे करायचंही नसतं, त्याच्यासाठी उपसमिती असते. इथं बसलेल्या प्रत्येक संचालकाला हे ठाऊक आहे. तात्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी वही आणली. शंभर पानी, पुठ्ठ्याची. वर स्वतःच्या हातानं लिहिलं, पक्षी उपसमिती, इतिवृत्त. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, तात्या ओसरीवर सभा घ्यायला लागले. मी एकदाही गेलो नाही. गोरख एकदाही गेला नाही. आम्हाला तो विनोद वाटायचा. आत बसून आम्ही म्हणायचो, अध्यक्ष आले, बरं का.

वही माझ्याजवळ आहे. वाचतो. "सभेस अध्यक्ष स्वतः हजर. इतर सदस्य गैरहजर. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा त्याच ठिकाणी घेण्यात आली. पाखराच्या स्वतःच्या हाका शिल्लक, पाच." पुढच्या पानावर तेच. इतर सदस्य गैरहजर. सभा तहकूब. पुन्हा त्याच ठिकाणी. शिल्लक, चार.

मंडळी, पोटनियमात लिहिलंय म्हणून तो माणूस खरंच अर्धा तास थांबायचा. दर महिन्याला, आमच्यासाठी, पोत्यावर बसून. आम्ही पाच पावलांवर आत चहा पीत असायचो.

मधे मी विचारलं नाही असं नाही. "तात्या, तुम्ही इतका वेळ बसता, पाखराशी बोलत का नाही? तुमचा आवाज शिकलं असतं." ते म्हणाले, "म्हनूनच न्हाई बोलत. समदे त्येच्यात आपलं वतायलेत. येकानं तरी गप बसावं. त्येला त्येचं सोताचं ऐकू येवं."

आणि एकदा त्यांनी मला सरळ विचारलं. चार राहिल्या तेव्हाची गोष्ट. म्हणाले, "चेअरमन, माझं वय झालं, माझा कान आता आखूड झालाय. तुमचा कान तालुक्यात नावाजलेला. खरं सांगा, चार हायत का तीन?"

तीन होत्या. मला माहीत होतं. चौथी जी त्यांना वाटत होती ती हाक नव्हती, ते आमच्या ओसरीच्या दाराचं बिजागर होतं. पाखरानं ते इतकं बारीक उचललं होतं की तात्याही फसले. मी रोज ऐकत होतो. आत खुर्चीत बसून, कागदांवर सह्या करता करता, एक एक हाक बंद पडताना मी ऐकत होतो. तात्यांच्या आधी ऐकत होतो. तीन म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग सही कधी? म्हणून मी म्हणालो, "तात्या, मला काय कळतंय पाखरातलं."

या गावात मी खोटं कधी बोललोच नाही असं म्हणत नाही. निवडणूक लढलेला माणूस आहे. पण कानाबद्दल खोटं मी तेवढं एकदाच बोललो. आणि मग निवडणूक होऊ द्या, म्हणालो. झाली, निवडून आलो. छावणी उठू द्या, म्हणालो. उठली. दिवाळी होऊ द्या. झाली. पाऊस आला, टँकर बंद झाला. पाखराचा हॉर्न बंद झाला नाही. अजून नाही. अजून कुणीतरी म्हातारी हंड्याकडं हात नेते, मग थांबते.

गेल्या महिन्यात शनिवारी तात्या काठी टेकत आले. छातीत धाप. मी जीपमध्ये बसत होतो, केजला बैठक होती. त्यांनी हाक मारली. चेअरमन म्हणाले नाहीत. "भानुदास," म्हणाले. मी वळलो.

"दोनच राहिल्यात. त्यातली येक लई बारीक झालीया." मग थोडा दम घेऊन म्हणाले, "इंजिनाचा आवाज बदलला की तू बांधावर उभा ऱ्हायचास. भाकर खायला सुदिक घरी जायचा न्हाईस. माज्याच हिरीवर दुपारभर उभा व्हतास, आठवतं का? मंग ह्या आवाजाला कावून उभा ऱ्हात न्हाईस रं?"

मी म्हणालो, "तात्या, आलोच. केजला जाऊन आलोच."

संध्याकाळी आलो. पोतं घडी करून ठेवलेलं होतं. त्यानंतर तात्या ओसरीवर आले नाहीत.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी सरूकाकू वही घेऊन आल्या. टेबलावर ठेवली. "तुमच्या सौंस्थेची हाय, ठिवा," म्हणाल्या आणि गेल्या. पाणी प्यायलासुद्धा थांबल्या नाहीत. मी पाणी मागवलं होतं, काकू. या वेळी मागवलं होतं.

शेवटचं पान वाचतो. हे त्या शनिवारी, मी जीपमध्ये बसून गेल्यानंतर, तात्यांनी लिहिलेलं आहे. "इतर सदस्य गैरहजर. सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा त्याच ठिकाणी घेण्यात आली. दुपारपर्यंत बसलो. बारीक हाक आली नाही. शिल्लक, एक. खात्री करण्यासाठी जाणता कान हवा. चेअरमन यांना विनंती करण्यात यावी."

विनंती करण्यात यावी. एवढं सगळं होऊनसुद्धा.

काल मी पोतं टाकून बसलो. तात्यांच्याच जागेवर. कोरम नाही म्हणून सभा आधी अर्धा तास तहकूब केली, मग पुन्हा सुरू केली. शिंक झाली, कॅन झाले, बिजागर झालं, हॉर्न दोनदा झाला. मग एक हाक आली. बारीक शीळ, वर चढते आणि टोकाला जाऊन तुटते. आपल्या गावातला कुठलाच आवाज तसा नाही. मी दुसरीसाठी पुष्कळ थांबलो. एकच आहे, तात्या. शेवटच्या मोजणीत तुमचा कान आखूड पडला नाही.

मी त्या प्राणिसंग्रहालयात फोन केला. तिथल्या डॉक्टरबाई तात्यांना ओळखतात. ती मादी अजून आहे, वय झालंय तिचं. त्यांनी मला एकच विचारलं, पाखरू स्वतःचं काही बोलतं का? मी म्हणालो, एक हाक आहे. त्या म्हणाल्या, उशीर झालाय, पण आणा. वनखात्यालाही मीच कळवलंय. त्यांची माणसं उद्या सकाळी येतील. माझ्यावर जे व्हायचं ते होईल, त्यासाठी कुणी माझ्या बाजूनं तालुक्याला जाऊ नका. मी सांगतो म्हणून जाऊ नका.

गोरखनं दुखवट्याचा ठराव लिहून आणलाय. सूचक, अनुमोदक, सगळं भरलेलं आहे. गोरख, तो खिशात ठेव. या गावानं माझे ठराव फार बघितले. हे तात्यांचं पत्र आहे, दोन वर्षांपूर्वीचं, घड्यांवर फाटलेलं. नावाची जागा मोकळी होती, ती मी भरलीय. आता सही करतो. काकू, बघा. तुम्ही बघितलं म्हणजे झालं.

आता शांतता. आणि माईक का बंद केला ते सांगतो. पिंजरा तुमच्या पाठीमागं, दहा पावलांवर आहे. मांडवात जे मोठ्यानं बोललं जाईल ते पाखरू उचलेल, आणि त्याच्यात आता आपलं आणखी काही घालायचं नाही.

त्याच्याकडून तात्यांचा आवाज येईल म्हणून कुणी वाट बघू नका. येणार नाही. या गावात प्रत्येकाचं काही ना काही त्या पाखरात आहे, फक्त तात्यांचं नाही. ते गप्प बसले होते.

मधेच हॉर्न वाजला तर पळू नका. हसूही नका. तो माझा आहे.

आपण अशा वेळी उभं राहतो. आज उभं राहायचं नाही. तात्या बसायचे, आपणही बसूनच राहू. अर्धा तास मागत नाही, तेवढं मागायचं तोंड मला नाही. दोन मिनिटं गप्प बसा, आणि ती तुटणारी शीळ आली तर ऐका. उद्यापासून ती इथं नसेल.

तात्या, सभा पुन्हा त्याच ठिकाणी सुरू होतेय. आज कोरम आहे.